कागद नसलेलं तळं

आमच्याकडं लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात. धने-जिरे भिजत घालायचे, सब्जा, वाळ्याचं पाणी, दोन दिवस तिखट बंद, आणि बहुतेकदा ती जाते पण. त्यामुळं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत आबा एक दिवस बागेतून आले आणि आईला म्हणाले, आज जरा लाल झाली गं, तेव्हा आईनं धने भिजत घातले आणि विषय संपला. मला हे कळलं दोन महिन्यांनी. मी सांगलीत नोकरीला, शनिवारी-रविवारी तासगावकडं गावी जाणार, आणि बापानं पोराला लघवीबद्दल काही सांगावं अशी आमच्या घरात पद्धतच नव्हती.

दुखत नव्हतं त्यांना. जळजळ नाही, ताप नाही, काही नाही, फक्त रंग. दोन दिवस लाल आणि तिसऱ्या दिवशी आपोआप नितळ. मग महिनाभर काहीच नाही. थांबलं म्हणजे बरं झालं असंच कुणालाही वाटणार ना, आणि आमचा घात तिथंच झाला. गावाकडच्या एका दवाखान्यात तीनदा दाखवलं, तिन्ही वेळा इन्फेक्शन म्हणून पाच-पाच दिवसांच्या गोळ्या, आणि गोळ्या संपेपर्यंत रक्तही थांबलेलं असायचं म्हणून गोळ्यांना गुण आला असं आम्ही धरून चाललो. एक साधी सोनोग्राफी कुणी लिहून दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. साठीच्या पुढच्या, वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसाच्या लघवीतून न दुखता रक्त येणं म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजून तपासायचं असतं, हे मला आज कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तेव्हा माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत माल निघाला, थोडा व्यापाऱ्याला गेला, थोडा बेदाण्याला टाकला, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात आबांची लघवीच अडकली. रक्ताच्या गाठी. त्या रात्री सांगलीत नळी घालून ती मोकळी केली, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. मूत्राशयात मोठी गाठ, आणि डावी किडनी फुगलेली, कारण गाठीनं तिकडून येणाऱ्या नळीचं तोंडच दाबलं होतं.

मग मिरज. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज हे ठरलेलं आहे, वॉन्लेस साहेबानं १८९४ ला तिथं दवाखाना काढला तेव्हापासून, आणि अजूनही स्टेशनवर उतरणाऱ्यांत निम्मी माणसं हातात एक्सरेची पिशवी घेतलेली असतात. आम्ही त्यातलेच एक झालो. दुर्बीण घालून गाठ खरवडली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला तो असा की गाठ अस्तर ओलांडून मूत्राशयाच्या स्नायूत शिरलीय.

हा अस्तराचा आणि स्नायूचा फरक मला तेव्हा शब्दांपुरता कळला. नंतर कळला तेव्हा रात्रभर झोप नाही आली. गाठ अस्तरापर्यंतच असेल तर पुष्कळदा दुर्बिणीतून खरवडून, वर बीसीजी देऊन मूत्राशय वाचवता येतं. बीसीजी म्हणजे तीच, आपल्या सगळ्यांच्या दंडावर जिचा व्रण आहे ती टीबीची लस. ती नळीवाटे मूत्राशयात सोडायची, आठवड्याला एकदा असं सहा आठवडे, म्हणजे तिथली प्रतिकारशक्ती जागी होते आणि गाठीवर तुटून पडते. कॅनडातल्या मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी १९७६ ला हे प्रसिद्ध केलं, आणि आजही ते वापरात आहे. ऑक्टोबरमध्ये आबांची गाठ अस्तरातच होती का स्नायूत शिरलेली होती हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण तो प्रश्न माझ्यापुरता काही मिटत नाही.

बिडीचा आणि लघवीच्या पिशवीचा काय संबंध हे आईनं डॉक्टरांना विचारलं होतं. धूर छातीत जातो, मग रोग खाली कसा. तर धुरातली विषं रक्तात उतरतात, किडनी आपलं काम चोख करते, ती विषं गाळून लघवीत टाकते, आणि मग ती लघवी मूत्राशयात तासन् तास थांबते. विष अस्तराला लागून बसतं. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं होतं की कापडाच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी जास्त होतायत, तिथंही गोष्ट हीच, विष नाका-कातडीतून आत आणि मुक्काम मात्र मूत्राशयात. साठवून धरणं हे ज्याचं काम, त्याला साठवल्यामुळंच रोग व्हावा, ह्याचं मला फार वाईट वाटलं. एखाद्या माणसाबद्दल वाटावं तसं.

आता ऑपरेशनच्या आधीच्या त्या दुपारबद्दल लिहायचंय, ज्यासाठी खरंतर लिहायला बसलो.

डॉक्टर तरुण होते, आमच्याच जिल्ह्यातले, त्यांनी लेटरपॅड उलटा केला आणि पेननं चित्र काढलं. दोन किडन्या, त्यातून खाली येणाऱ्या दोन बारीक नळ्या, २५-३० सेंटिमीटरच्या, आणि खाली मूत्राशय. त्या मूत्राशयावर त्यांनी फुली मारली.

"म्हंजी टाकीच काढायची," आबा म्हणाले.

"टाकीच काढायची आबा. मग पाणी कुठं न्यायचं हा प्रश्न. दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुमच्याच लहान आतड्याचा ५०-६० सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, उभा चिरायचा, घडी घालून शिवायचा आणि त्याची गोल पिशवी करून जुन्या जागी बसवायची. बाहेरून काही दिसत नाही, लघवी नेहमीच्या वाटेनं. दुसरी म्हणजे १५-२० सेंटिमीटरचा छोटा तुकडा घ्यायचा, दोन्ही नळ्या त्याला जोडायच्या, त्याचं एक तोंड बंद आणि दुसरं पोटावर काढायचं. तिथनं लघवी सारखी येत राहणार, बाहेर पिशवी लावायची. कायमची."

मला वाटलं आबा पहिलीच वाट धरणार. ६६ वर्षांचा, गावात मान असलेला माणूस, पोटाला पिशवी लावून कसा हिंडेल. मी तसं बोलायला तोंड उघडणार एवढ्यात आबांनी विचारलं, "त्या आतड्याला कागद असतोय का?"

डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं, की आमच्या बागेत शेततळं आहे, त्याला प्लास्टिकचा कागद अंथरलाय, ५०० मायक्रॉनचा. आबा त्याबद्दल विचारतायत.

डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले आणि मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "नाही आबा. आतड्याला कागद नसतो. सगळी अडचण तीच आहे."

"मग मुरंल की पानी."

"मुरतं. आतड्याचं कामच मुरवून घ्यायचं. लघवी त्यात साठली की तिच्यातले क्षार परत रक्तात जातात, रक्तात आम्ल वाढतं, आणि किडनीला तेच काम पुन्हा करावं लागतं."

"आनी माजी एक मोटर तर आधीच दमल्याली."

"हो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं आहे तुमचं. किडन्या ठणठणीत असत्या तर मी आतल्या गोल पिशवीचा विचार केला असता."

"मग तळं नगं," आबा म्हणाले, "पाट काढा. साठवायचंच न्हाई. आलं की गेलं."

पाच मिनिटांत ठरलं. मी एम.कॉम. झालेला, तीन दिवस मोबाईलवर वाचत होतो, आणि शेततळ्याच्या हिशोबानं आबा माझ्याआधी मुद्द्यावर पोचले.

त्यांच्या त्या एका प्रश्नावरून मी पुढं कितीतरी वाचत गेलो. मूत्राशयाचं अस्तर म्हणजे पेशींचे मोजून पाच-सहा थर, आणि पिशवी भरून ताणली की तेही पातळ होऊन दोन-तीन वाटावेत इतके. सगळ्यात वरच्या पेशी मोठ्या, छत्रीसारख्या, खालच्या पेशींवर पसरलेल्या, त्यांच्या अंगावर प्रथिनांच्या ताटल्या घट्ट बसवलेल्या. रिकामं असताना त्या पेशी आपलं जास्तीचं आवरण घडी घालून आत ठेवतात, भरताना उलगडतात. चार-पाचशे मिली साठेपर्यंत आत दाब फारसा वाढत नाही, आणि एवढं खारट, विषारी पाणी तासन् तास धरूनही जवळजवळ काहीच मुरू देत नाहीत. शेततळ्याचा कागद उंदरानं कुरतडला तर तळं खाली होतं, आम्ही दोनदा बघितलंय. आणि ही आपल्या पोटातली टाकी ६६ वर्षं भरली, रिकामी झाली, त्या माणसाला तिची आठवणही झाली नाही. शरीरात दुसरीकडं असं अस्तर असलेली पिशवी नाही जी उसनी घ्यावी. म्हणून आतडं घ्यावं लागतं, आणि आतडं आपला स्वभाव सोडत नाही.

डॉक्टर लोकांनाही हे शिकायला शंभर वर्षं लागली. लंडनच्या जॉन सायमन नावाच्या सर्जननं १८५२ ला प्रसिद्ध केलेली केस आहे, एका मुलाचं मूत्राशय जन्मापासूनच पोटावर उघडं होतं, त्याच्या नळ्या त्यांनी मोठ्या आतड्याच्या शेवटाकडं वळवल्या. लघवी शौचाच्याच वाटेनं. तो मुलगा पुढं वर्षभरात गेला. पण कल्पना राहिली, कारण बाहेर पिशवी नको, कपडे ओले नकोत, आणि पुढचे सर्जन तीच सुधारत बसले. मात्र शौचातले जंतू उलटे किडनीपर्यंत चढायचे, आणि लघवी मोठ्या आतड्यात साठून मुरायची. अमेरिकेत १९५० साली फेरिस आणि ओडेल ह्या दोघांनी अशा पेशंटच्या रक्तात आम्ल कसं वाढतं ते नीट मांडलं, आणि योगायोग बघा, त्याच १९५० ला सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर ह्यांनी लहान आतड्याचा छोटा तुकडा वापरायची आपली रीत छापली. साठवायचंच नाही, फक्त वाहतं ठेवायचं. आबा म्हणाले तेच. आज ७० वर्षं उलटून गेली तरी जगभर सगळ्यात जास्त केली जाणारी वाट हीच आहे.

गोल पिशवीचं पण सांगतो, कारण पुष्कळांना ती करता येते आणि चांगली चालते. आतडं नळीसारखं तसंच ठेवलं तर ते लाटा मारत राहतं, दाब वाढतो, लघवी गळते. ते उभं चिरून, उलगडून, उलटसुलट घडी घालून शिवलं की त्या लाटा एकमेकींना मारतात, आणि नळीचा गोल झाला की तेवढ्याच आतड्यात पाणीही जास्त मावतं. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये स्टुडर, जर्मनीच्या उल्ममध्ये हाउटमान, १९८० च्या दशकात ह्या लोकांनी ते बसवून दाखवलं. पण त्या पिशवीला 'भरलं' असं मूत्राशयासारखं कळत नाही. पेशंटला घड्याळ बघून जायचं, रात्री गजर लावून उठायचं, पोट दाबून रिकामं करायचं शिकावं लागतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर आल्या. केरळच्या असाव्यात, मराठी मोडकं पण आवाज फार मऊ. म्हणाल्या आबा, घरी घालता तोच पायजमा घाला, नाडी बांधा. मग उभं केलं, वाकायला लावलं, खुर्चीवर बसवलं आणि शेवटी खाली चटई टाकून मांडी घालून बसवलं. प्रत्येक वेळी पोटाला कुठं घडी पडते ते बघितलं. नाडीची रेघ पेननं आखली, त्याच्या खाली उजव्या अंगाला, घडी न पडणारी, आबांना स्वतःच्या डोळ्यानं दिसेल अशी जागा शोधली आणि तिथं जाड पेननं गोल काढला. अर्धा तास. सर्जन उद्या भोक पाडणार तिथंच. चुकीच्या घडीत भोक आलं तर पिशवी चिकटत नाही, गळते, कातडी सोलते, माणूस घराबाहेर पडायचा बंद होतो. ऑपरेशन पुढं सहा तास चाललं, पण आबांचं नंतरचं सगळं जगणं ह्या अर्ध्या तासावर उभं आहे असं मी मानतो. त्या सिस्टरांचं नाव विचारायचं राहिलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टर आई-आबांना म्हणाले की पुरुषांत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेटही काढावं लागतं, तिथून बारीक नसा जातात, त्या वाचवायचा प्रयत्न करू पण गाठ मोठी आहे, त्यानंतर नवरा-बायकोचे संबंध आधीसारखे राहतील असं नाही. मी खोलीतच होतो. मी औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो. आई नंतर एवढंच म्हणाली, "मानूस ऱ्हाऊ दे म्हनलं मी." आणि आबा भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

त्या नसांची गोष्ट मी व्हरांड्यात बसून वाचली. १९८१ पर्यंत त्या नसा नेमक्या कुठून जातात हेच सर्जनना माहीत नव्हतं, त्यामुळं ऑपरेशनमध्ये त्या सरसकट कापल्या जायच्या आणि सगळे म्हणायचे, काय करणार, प्रोस्टेटमधूनच जात असतील. हॉलंडमध्ये लायडनला पीटर डोंकर नावाचे निवृत्त प्राध्यापक होते. मोठ्या माणसाच्या जतन केलेल्या देहात चरबी आणि जाळ्यांत ह्या नसा सापडत नाहीत, म्हणून ते मृत जन्मलेल्या बाळाच्या देहात त्या शोधत होते, तिथं त्या मोकळ्या दिसतात. अमेरिकेतले पॅट्रिक वॉल्श त्यांना भेटायला गेले, दोघांनी मिळून बघितलं, तर नसा प्रोस्टेटच्या बाहेरून, कडेनं, रक्तवाहिन्यांबरोबर जातायत. म्हणजे वाचवता येतात. पुढच्याच वर्षी वॉल्शनी तसं ऑपरेशन केलं.

एक बाळ, ज्यानं श्वासही घेतला नाही. त्याच्यामुळं जगभरातल्या किती नवरा-बायकोंचं काय काय राहिलं असेल. मला तिथं व्हरांड्यात रडू आलं, आबांचं आलं का त्या बाळाचं ते माहीत नाही. आपल्याकडं सुश्रुतसंहितेत सांगितलंय की देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवावा, मग वाळ्याच्या नाहीतर बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू एकेक थर घासत आत बघावं. कृष्णेचा पूल ओलांडताना आता मला ते आठवतं. बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायला कुणीतरी आपला देह द्यावा लागतो.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. डावी नळी आतड्याच्या पडद्याखालून उजवीकडं आणावी लागली, आबांना मी सांगितलं, रस्त्याखालून पाईप क्रॉस करतो तसं. सहा दिवस पोट फुगलेलं, आतडं हलेना, आणि गॅस सुटला का हा एकच प्रश्न पाहुणे-रावळे फोनवर विचारत होते. ज्या घरात लघवी हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं त्या घरातल्या आत्या, मावश्या, जावई, सगळे. सुटला तेव्हा आईनं वॉर्डात पेढे वाटले.

पोटावरचं ते तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धस्स झालं. लाल, ओलं, बोराएवढं, त्यातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या, त्या बारा दिवसांनी काढल्या. हात लावला तरी दुखत नाही, त्याला तशी जाणीवच नसते. पिशवीत पांढरे धागे दिसायचे, आम्हाला वाटलं पू झाला. सिस्टर म्हणाल्या आतडं आहे ते, चिकट सोडणारच, नवीन काम लागलं म्हणून जुनं विसरलं नाही. आजही सोडतं. आबा त्याला 'शेंबूड' म्हणतात.

पिशवी बदलायची आई शिकली. पहाटे, चहाच्या आधी, कारण रात्रभर पाणी कमी गेलेलं असतं आणि थेंब कमी येतात. कोमट पाणी, मऊ फडकं, कातडी पूर्ण कोरडी, मग माप घेऊन भोक कापायचं, चिकटवायचं आणि पाच मिनिटं तळहात ठेवून ऊब द्यायची. चार दिवसांनी एकदा. मे महिन्यात घामानं दीड दिवसात सुटायची, तालुक्याला मिळत नाहीत म्हणून मिरजेहून डबा आणायचा, एकेक पिशवी महागाची, आणि एकदा बाजारात बेदाण्याच्या सौद्यात गळली. आबा त्या दिवशी न बोलता परत आले आणि आठ दिवस घराबाहेर गेले नाहीत. आई रोज पहाटे तळहात ठेवून बसायची. ४० वर्षांच्या संसारात मी तिला आबांच्या अंगाला असा हात लावून बसलेली कधी बघितली नव्हती. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, ती घड्याळ बघत नाही, हरिपाठाचे अभंग म्हणते, तेवढा वेळ बरोबर होतो.

आता दीड वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, वर्षातून बी-१२, कारण ते जिरवणारं आतडं तिथलंच शेजारी, आणि छाती-पोटाचा स्कॅन. बिडी सुटली. बागेत जातात, जड उचलत नाहीत. पिशवीच्या खाली छोटी तोटी असते, पाटाच्या कडेला उभं राहून रिकामी करतात आणि प्रत्येक वेळी खाली बघून रंग तपासतात. मी बरोबर असलो की मला सांगतात, नितळ हाय.

परवाच्या रविवारी शेजारचे तात्या कट्ट्यावर बसले होते. बोलता बोलता म्हणाले, उन्हाळी लागलीया जरा, लाल होतीया, पर दुखत न्हाई काय. आबांनी हातातला कप खाली ठेवला.

"कवापासनं?"

"झालं असंल पंधरा-इस दिस. मधी थांबल्याली."

आबा उठले. तिथंच कट्ट्यावर, गल्लीतनं माणसं जातायत, पोरं खेळतायत, त्यांनी सदरा वर केला, पायजम्याची नाडी सैल केली आणि पिशवी तात्यांच्या पुढं धरली.

"हात लाव," म्हणाले, "ऊन लागंल. लाव की."

तात्यांनी घाबरत बोट लावलं. आबांनी सदरा खाली सोडला आणि मला आत हाक मारली, सकाळची मिरजेची पहिली एसटी किती वाजता आहे ते बघायला.